पुन्हा रूट कॅनाल: दाढ काढण्याआधी विचारायचा प्रश्न

पाच-सात वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवलेली दाढ असते. मधल्या काळात तिने कधी त्रास दिलेला नसतो. मग एक दिवस भाकरी चावताना तिथे काहीतरी बोचतं. किंवा दुखत काहीच नाही, पण हिरडीवर एक पुटकुळी येते, फुटते, तोंडात घाणेरडी खारट चव पसरते, आठवडाभर बरं वाटतं आणि पुटकुळी पुन्हा हजर. अशा वेळी घरोघरी दोन वाक्यं ऐकू येतात. 'नसच काढून टाकलीय, तर दुखतंय कसं?' हे पहिलं. आणि 'रूट कॅनाल फेल गेलंय, आता काढूनच टाक, कायमची कटकट जाईल' हे दुसरं.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस जाते. दाताला जबड्याशी धरून ठेवणारे तंतू आणि मुळाच्या टोकाभोवतीचं हाड जिवंतच राहतं. दुखतं ते तिथे. दुसरं वाक्य मात्र घाईचं आहे. 'फेल गेलं' म्हणताना नेमकं काय बिघडलं याचा पत्ताच नसतो, आणि दात वाचणार की जाणार हे तर त्यावरच ठरतं. जंतू पहिल्या वेळी कुठे उरले, किंवा नंतर कुठून शिरले? ती जागा सापडली आणि डॉक्टरांची फाइल, म्हणजे आतून घासायची बारीक कानस, व औषध तिथवर पोहोचू शकलं, तर बहुतेक दाढा वाचतात. पोहोचणं शक्यच नसेल, तर दुसऱ्यांदा केलेला खर्चही वाया जातो.

एक दाढ, चार नळ्या

दाताचं बाहेरचं आवरण इनॅमलचं, त्याखाली डेंटिन आणि सगळ्यात आत गर. या गरात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. कीड डेंटिन पोखरत तिथवर गेली की गर सुजतो. पण चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने त्याला फुगायला जागा नसते. रात्रीची झोप उडवणारा तो ठणका यातूनच येतो. पुढे गर मरतो, ठणका थांबतो आणि माणसाला वाटतं, सुटलो. खरं तर आता जंतूंना रान मोकळं झालेलं असतं, कारण मेलेल्या गरात रक्त खेळत नाही. रक्त नाही म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, आणि पोटात घेतलेलं अँटिबायोटिकही तिथे पोहोचत नाही.

रूट कॅनालमध्ये डॉक्टर हा गर काढतात, मुळातल्या नळ्या फायलींनी घासून आणि द्रावणाने धुऊन स्वच्छ करतात आणि टोकापर्यंत भरून बंद करतात. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रात या नळ्या सरळसोट असतात. प्रत्यक्षात त्या कशा असतात, हे झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी दाखवलं. त्यांनी काढलेल्या हजारो दातांच्या पोकळीत रबर भरून ते कडक केलं आणि भोवतीचा दात विरघळवून टाकला. हाती उरले ते आतल्या पोकळीचे हुबेहूब साचे. १९२५ साली हे काम इंग्रजीत प्रसिद्ध झालं. नळ्यांना फाटे फुटलेले, दोन नळ्यांमध्ये आडवे जोड, टोकाशी एकाऐवजी अनेक तोंडं, असं ते चित्र होतं.

वरची पहिली मोठी दाढ घ्या. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. पुष्कळ आईवडील तिला दुधाची दाढ समजून सोडून देतात, त्यामुळे ती लवकर किडते आणि रूट कॅनालची पाळीही तिच्यावर वारंवार येते. तिला तीन मुळं असतात. तीन मुळं म्हणजे तीन नळ्या, असा हिशेब कुणीही करेल. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा एक जादा नळी असते. डॉक्टर मंडळी तिला 'एमबी टू' म्हणतात. तिचं तोंड अतिशय बारीक आणि बऱ्याचदा डेंटिनच्या ओठाखाली झाकलेलं असतं. खालच्या समोरच्या दातांतही अनेकांना एकाऐवजी दोन नळ्या असतात, तर खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी वेगवेगळ्या नळ्यांऐवजी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली एकच सलग फट सापडते.

खरा गुन्हेगार कोण, याचा निकाल

दाताचा गर मरतो आणि हाड झिजतं ते नेमकं कशामुळे, याचा निकाल १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या एका प्रयोगाने लावला. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला आणि तसाच ठेवला. साध्या उंदरांचा गर सडला, मुळाशी पू झाला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या त्याच उघड्या भोकात अन्न अडकलं, तरी गर जिवंत राहिला आणि त्याने जखमेवर नवं डेंटिन घातलं. इजा दोघांना सारखीच झाली होती. फरक जंतूंचा होता.

म्हणजे रूट कॅनालचं यश एक्स-रेवर पांढरी रेघ किती सुबक दिसते यावर ठरत नाही. आत जंतू किती उरले आणि नवे शिरायला वाट राहिली का, यावर ते ठरतं. रेघ टोकापर्यंत छान गेलेली, पण चौथी नळी कुणी उघडलीच नाही, अशी दाढ आज ना उद्या तक्रार करणारच.

पहिल्या वेळी काय राहून जातं

बिघाडाची कारणं मोजकी आहेत. पहिलं, न सापडलेली नळी. दुसरं, अर्धवट साफ झालेली नळी. मूळ वाकडं असेल तर फाइल वळणावर अडते, भिंतीत खाच पाडते आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर तसेच राहतात. जंतूंची वस्ती नेमकी त्या टोकाशी असते. तिसरं, आत तुटलेली फाइल. निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फाइली १९८८ नंतर आल्या आणि वाकड्या नळ्यांचं काम सोपं झालं. पण वळणात गरगर फिरताना धातू थकतो आणि आधी काही खूण न दाखवता तुटतो. तुटलेला तुकडा स्वतः रोग करत नाही. नळी आधी नीट साफ झाली असेल तर तो आयुष्यभर गप्प पडून राहतो. त्याच्या पलीकडची घाण तशीच राहिली असेल तरच पुढे त्रास होतो.

चौथं कारण आपल्याकडे फार दिसतं, आणि त्यात डॉक्टरांइतकाच पेशंटचा वाटा असतो. रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, आणि 'कॅप नंतर बघू' म्हणून तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्महिने काढले. सिमेंट झिजतं, लाळ झिरपते आणि लाळेबरोबर जंतू खाली उतरतात. जुन्या कॅपच्या कडेला नव्याने लागलेली कीडही हेच करते. रे आणि ट्रोप यांनी १९९५ साली रूट कॅनाल झालेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले. नळीतलं भरण आणि वरचं फिलिंग किंवा कॅप, दोन्ही चांगली होती त्या गटात ९१ टक्के दातांची मुळं निरोगी दिसली. दोन्ही वाईट होती तिथे फक्त १८ टक्के. वरच्या झाकणाला मुळातल्या भरणाइतकंच महत्त्व आहे, हे त्यानंतर दंतवैद्यकात पक्कं रुजलं.

आत उरलेले जंतूही साधे नसतात. एंटरोकॉकस फीकॅलिस हा मूळचा आतड्यातला जंतू बिघडलेल्या रूट कॅनालमध्ये पुन्हा पुन्हा सापडला आहे. तो दीर्घकाळ उपाशी राहू शकतो आणि इतर जंतू मरतात अशा क्षारधर्मी औषधातही तग धरतो. थोड्या दातांत जंतू मुळाच्या बाहेर, हाडाच्या बाजूला ठाण मांडतात किंवा तिथे गाठ तयार होते. अशा ठिकाणी आतून कितीही साफसफाई केली तरी उपयोग नसतो. शेवटचं आणि सगळ्यात वाईट कारण म्हणजे मुळाला उभी गेलेली चीर.

कारण हुडकताना

हिरडीवरच्या त्या पुटकुळीचा इथे उपयोग होतो. ती पू बाहेर पडण्याची वाट असते, पण ती ज्या दाताच्या समोर दिसते त्याच दाताची असेल असं नाही. डॉक्टर गटापर्चाची (नळ्या भरायला वापरतात त्या चिकाची) केशरी रंगाची, शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक काडी त्या छिद्रातून अलगद आत सरकवतात. ती आपोआप पुवाच्या वाटेने जाते आणि थांबते. मग एक्स-रे काढला की काडीचं टोक थेट दोषी मुळावर टेकलेलं दिसतं. शेजारच्या निर्दोष दाताची सुटका होते ती अशी.

साधा एक्स-रे ही शेवटी सपाट सावली असते. वरच्या दाढांची मुळं आणि गालाचं हाड त्यात एकमेकांवर पडतात आणि चौथी नळी झाकली जाते. म्हणून थोडा कोन बदलून दुसरा एक्स-रे काढतात आणि गरज असेल तर सीबीसीटी स्कॅन करतात. त्यात जबड्याचे तिन्ही दिशांनी पातळ काप पाहता येतात. न भरलेली नळी मुळाच्या कापात एक काळा ठिपका म्हणून दिसते. त्याच वेळी डॉक्टर हिरडी आणि दात यांच्यामध्ये खुणा केलेली बोथट सळई घालून चहूबाजूंनी खोली मोजतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी सळई एकदम खोल गेली, तर मुळाला चीर असल्याची दाट शंका येते.

जुनं भरण काढताना

कारण हाती लागलं की काम सुरू होतं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त वेळखाऊ असतं. आधी भूल, मग कॅप कापून काढायची किंवा तिला भोक पाडायचं. आत कॅपच्या आधारासाठी धातूचा पोस्ट, म्हणजे छोटी दांडी, बसवलेला असेल तर अल्ट्रासोनिक टिपने त्याला कंप देऊन त्याचं सिमेंट सैल करतात. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. हा रबर डॅम न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये आणला. लाळ आत जाऊ नये आणि आतलं द्रावण घशात जाऊ नये, यासाठी त्याला आजही पर्याय नाही. पुन्हा रूट कॅनाल करताना तुमच्या तोंडात तो बसवला नाही, तर का, हे विचारायला हरकत नाही.

नळीतलं जुनं भरण बहुधा गटापर्चाचं असतं. मलाया भागातल्या झाडांचा हा चीक. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन समुद्राखालून जी तार टाकली, तिच्यावरही याच चिकाचं वेष्टन होतं. तो उष्णतेने मऊ होतो आणि क्लोरोफॉर्म किंवा निलगिरीच्या तेलासारख्या द्रावकात विरघळतो, म्हणून त्याला परत बाहेर काढता येतं. बिघडलेल्या दातातला गटापर्चा बाहेर आला की बऱ्याचदा ओलसर, काळपट असतो आणि त्याला कुबट वास येतो. मात्र आपल्याकडच्या काही जुन्या दातांत रिसॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडच्या मिश्रणाचं लालसर, दगडासारखं भरण निघतं. ते कशातच नीट विरघळत नाही. तिथे मायक्रोस्कोपखाली कणाकणाने कोरावं लागतं आणि कधी कधी डॉक्टरांना हात टेकावे लागतात.

मायक्रोस्कोपखाली दाढेचा तळ उजळ दिसतो आणि नळ्यांची तोंडं जोडणारी गडद रेघ त्यावर उमटलेली असते. एमबी टू त्या रेघेवरच कुठेतरी असते. डॉक्टर तळावर सोडियम हायपोक्लोराइटचे थेंब सोडून वाट पाहतात. सगळं द्रावण शांत असताना एका जागेवरून बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. तिथे खाली सडका गर आहे आणि द्रावण त्याला विरघळवतंय, म्हणजे इतकी वर्षं लपलेली नळी तिथेच. मग सगळ्यात बारीक फाइल तिथे टेकवायची. फायलींच्या दांड्यांना रंग असतात: पिवळी टोकाशी ०.२० मिलिमीटर, लाल ०.२५, निळी ०.३०. ओठाच्या कोपऱ्यात अडकवलेला हूक आणि टीं टीं करणारं छोटं यंत्र पेशंटच्याही लक्षात राहतं. तो अपेक्स लोकेटर. फाइल मुळाच्या टोकाशी किती जवळ पोहोचली, हे तो विजेच्या रोधावरून सांगतो.

फाइल नळी रुंद करते, पण जंतू मारतं ते द्रावण. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी हेन्री डेकिन यांनी हायपोक्लोराइटचं सौम्य द्रावण वापरात आणलं. दातात ते त्याहून तीव्र वापरतात. फाटे आणि आडव्या जोडांत फाइल कधीच पोहोचत नाही, द्रावण पोहोचतं. जंतूंची वस्ती जुनी असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट आत ठेवून एक-दोन आठवडे दात बंद करतात आणि पुढच्या भेटीत नळ्या भरतात. त्यावर लगेच पक्कं फिलिंग आणि शक्य तितक्या लवकर कॅप. इथे चालढकल केली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

यश किती

लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेत पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा रूट कॅनाल केलेल्या प्रत्येकी सातशेहून अधिक दातांचा दोन ते चार वर्षं पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. कडक निकष लावूनही पहिल्या उपचारात ८३ टक्के आणि दुसऱ्या उपचारात ८० टक्के मुळं निरोगी झाली. चार वर्षांनी तोंडात टिकून असलेल्या दातांचं प्रमाण दोन्हीकडे सुमारे ९५ टक्के होतं. दुसऱ्यांदा केलं की यश निम्म्यावर येतं, ही समजूत यात टिकत नाही. अर्थात हे काम प्रशिक्षित हातांनी, योग्य दात निवडून झालेलं होतं. मधुमेह ताब्यात नसेल तर मुळाशी झालेली जखम भरायला वेळ लागतो, म्हणून उपचाराच्या काळात साखर सांभाळायला हवी.

काढून टाकण्याची घाई नवी नाही. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलमधल्या भाषणात दातांतल्या जंतुसंसर्गाचा संबंध शरीरातल्या अनेक रोगांशी जोडला. त्यानंतर काही दशकं संधिवातापासून मनोविकारांपर्यंत कशासाठीही लोकांचे दात सरसकट उपटले गेले. दात गेले, रोग राहिले, आणि हा सिद्धांत त्या रूपात मागे पडला. मोबाइलवर फिरणारे 'रूट कॅनालमुळे कॅन्सर होतो' हे मेसेज त्याच काळाचे अवशेष आहेत. आपल्याकडे याउलट एक भीती आहे: वरची दाढ काढली की नजर जाते. तीही निराधार आहे. नजरेचा मज्जातंतू दाढेपासून पूर्ण वेगळा असतो.

इम्प्लांट हा चांगला पर्याय आहे, पण तो गेलेल्या दाताला पर्याय आहे. नैसर्गिक दाताभोवतीचे तंतू चावताना दाब ओळखतात, भातातला खडा लागताच जबडा थबकतो तो त्यांच्यामुळे. इम्प्लांट थेट हाडात रुजतो, त्याला हे तंतू नसतात. शिवाय पुन्हा रूट कॅनाल करून अपयश आलं तरी पुढे इम्प्लांट करता येतो. काढलेला दात मात्र परत येत नाही.

नाद कधी सोडावा

मुळाला उभी चीर गेली असेल तर दाढ काढणंच योग्य. कीड इतकी खोल गेली असेल की हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटरही धड दात उरत नाही, तर कॅपला पकड मिळत नाही. हाड झिजून दाढ हलत असेल तर आतल्या नळ्या साफ करून उपयोग नाही. याउलट नळ्या ठीक भरलेल्या आहेत, पण दोष टोकाबाहेर आहे, किंवा मजबूत पोस्ट काढताना मूळच तुटेल अशी भीती आहे, तर छोटी शस्त्रक्रिया करता येते. हिरडी उचलून मुळाचं टोक सुमारे तीन मिलिमीटर कापतात आणि कापलेल्या बाजूने नळीचं तोंड एमटीएसारख्या सिमेंटने बंद करतात. पोर्टलँड सिमेंटशी नातं सांगणारा हा पदार्थ महमूद तोराबिनेजाद यांनी १९९० च्या दशकात विकसित केला.

या सगळ्यात गोळ्यांची जागा कुठली? मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरते आणि महिन्याभराने परत येते. गच्चीची भेग न बुजवता खालच्या छताला दर पावसाळ्यानंतर रंग देण्यातला हा प्रकार. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तेव्हा अँटिबायोटिक लागतं, पण मूळ काम झालं तरच ते उपयोगी पडतं. जबड्याखाली सूज, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, श्वास जड होणं, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठावं.

डॉक्टरांकडे गेल्यावर चार गोष्टी विचाराव्यात: बिघाडाचं कारण काय दिसतंय, मुळाला चीर नाही ना, वर पुरेसा दात उरलाय का, आणि या दाढेसाठी एंडोडॉन्टिस्टची, म्हणजे रूट कॅनालमध्ये एमडीएस केलेल्या डॉक्टरांची, गरज आहे का. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईतलं नायर किंवा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे या विषयाचे स्वतंत्र विभाग चालतात. वेळ जास्त लागतो, फी कमी असते. जुने एक्स-रे असतील तर घेऊन जावेत, कारण मुळाशी दिसणारी काळी सावली वाढतेय की आटतेय हे तुलनेशिवाय कळत नाही.

उपचार झाल्यावरही तीच तुलना लागते. झिजलेलं हाड भरून यायला महिने लागतात, मोठा खड्डा असेल तर कधी काही वर्षं. ठणका मात्र चार दिवसांत जातो. म्हणूनच पहिल्या वेळी आपण फसतो: दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं असं धरून चालतो. वर्षभराने, काहीही होत नसताना, एक एक्स-रे काढून घ्यावा. दाढ खरंच वाचली की नुसती गप्प बसली आहे, हे त्या एक्स-रेवरच कळतं.